पाय सरळ होतोय का?

गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन हल्ली दुर्बिणीतून होतं. दोन-तीन दिवसांत पेशंट घरी, टाके इवलेसे, आणि भेटायला आलेली माणसं पट्टीकडे बघून म्हणतात, "एवढंच होय!" मला आता ते ऐकवत नाही.

माझी मुलगी कबड्डी खेळते, डावा कोपरा सांभाळते. ठाण्यात कॉलेजच्या एका सामन्यात चढाईला आलेल्या मुलीच्या घोट्याला हात घालताना हिचा पाय मॅटला चिकटून राहिला आणि अंग मात्र फिरलं. आतून काहीतरी तुटल्याचा आवाज तिला स्वतःला आला. डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला होता. एमआरआयमध्ये पुढचं क्रुशिएट लिगामेंट पूर्ण तुटलेलं निघालं. ऑपरेशन ठाण्यातच झालं आणि, आधीच सांगून टाकते, सर्जनच्या कामात काही खोट नव्हती. जे बिघडलं ते घरी, पलंगावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बिघडलं. ऑपरेशन थिएटरात आपलं काही चालत नाही. त्यानंतरचे पाच-सहा आठवडे मात्र घरातल्या माणसांच्याच हातात असतात, आणि नेमकं त्याबद्दल त्यांना कोणी धड काही सांगत नाही.

ऑपरेशनच्या आधीचं थोडक्यात. दुखापत झाली की नातेवाइकांना घाई सुटते, "उद्याच करून टाका" म्हणून. आमच्या सर्जननी थांबवलं तेव्हा माझे दीर चिडलेच होते. पण सुजलेल्या, गरम गुडघ्यावर लगेच हात घातला तर तो नंतर आखडण्याचा धोका वाढतो. सूज उतरू द्यायची, पाय पूर्ण सरळ होऊ द्यायचा, मांडीला थोडी ताकद आणायची आणि मग टेबलावर जायचं. गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाटून सांध्यात अडकली आणि गुडघा लॉकच झाला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे थांबून चालत नाही. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवायचा ग्राफ्ट कुठून घेणार, तो व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकमध्ये भिजवून घेणार का, हे विचारायला लाजू नये. भिजवण्याची ही पद्धत आता बरीच रुळली आहे आणि तिने जंतुसंसर्ग कमी होतो. चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगावी. गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतलेल्या गोळ्यासुद्धा. त्या गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो, आणि आपल्याकडे त्या कोणाला 'औषध' वाटतच नाहीत.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री मी झोपले नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये चेन्नईत 17 वर्षांच्या एका फुटबॉलपटू मुलीचं असंच दुर्बिणीतून लिगामेंटचं ऑपरेशन झालं होतं, तिथल्या सरकारी रुग्णालयात. ऑपरेशननंतर बांधलेली पट्टी इतकी घट्ट होती की पायाचा रक्तपुरवठाच तुटला. पाय कापावा लागला आणि काही दिवसांत मुलगी गेली. दोन डॉक्टरांवर निलंबनाची कारवाई झाली. ती बातमी माझ्या डोक्यात होती, म्हणून मी दर अर्ध्या तासाने पांघरूण वर करून पायाची बोटं बघत होते. नख दाबलं की पांढरं पडतं, सोडल्यावर दोनेक सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. पाऊल दुसऱ्या पावलाइतकंच उबदार हवं. बोटं हलवता आली पाहिजेत. पायाला भूल देणारं इंजेक्शन दिलेलं असेल तर काही तास बधिरपणा आणि हालचाल नसणं साहजिक असतं, म्हणून तो अंमल किती वाजेपर्यंत टिकेल हे सिस्टरना विचारून ठेवावं. सगळ्यात वाईट खूण म्हणजे वेदनेचं इंजेक्शन देऊनही वाढतच जाणारी कळ आणि कोणी बोटं वर ओढली की पोटरीत उठणारी सणक. तिथे सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. पट्टी सैल करून घ्यायची, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना उठवायचं. स्नायूचा रक्तपुरवठा तुटला की हिशेब मोजक्या तासांचा असतो.

नडगीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर राहतो, त्याला मात्र घाबरू नये. त्वचेची एक बारीक नस कापली जाते, बहुतेकांना थोडं फार होतंच.

आता आमचा घोळ. आम्ही डोंबिवली पूर्वेला जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. जिना चढवून आणलेल्या मुलीला पलंगावर निजवलं, आणि तिच्या आत्याने मायेनं गुडघ्याखाली उशी सरकवली. पोरीला बरं वाटलं. वाटणारच, कारण सुजलेला गुडघा थोडा वाकलेला असला की आतला ताण कमी होतो. ती उशी मग तिथेच मुक्कामाला राहिली. डिस्चार्ज कार्डावर 'व्यायाम सांगितल्याप्रमाणे' एवढंच लिहिलेलं होतं. सांगितलं होतं डिस्चार्जच्या गडबडीत, इन्शुरन्सच्या कागदांवर सह्या चालू असताना. हॉस्पिटलचा फिजिओ ठाण्यात. डोंबिवली स्टेशनचा पूल कुबड्या घेऊन गर्दीच्या वेळी चढणं अशक्य, आणि रस्त्याने जायचं तर शिळफाट्याला तास मोडतो. "टाके निघाले की सुरू करू" असं ठरलं, म्हणजे आपोआपच ठरत गेलं.

टाके निघाले. जखम छान भरली होती. महिना उलटून गेल्यावर ती कुबडीशिवाय चालायला लागली, पण लंगडत. सगळे म्हणाले, होईल हळूहळू. तीच एकदा म्हणाली, "आई, हा पाय सरळच होत नाहीये गं. टाच टेकली की गुडघा पुढे राहतो." जवळच्या एका फिजिओताईंनी तिला पालथं झोपवलं, गुडघ्यापासून खालचे पाय पलंगाच्या कडेबाहेर घेतले आणि मला म्हणाल्या, "टाचा बघा." एक टाच दुसरीपेक्षा चांगली चार-पाच बोटं वर होती. हे बघायला एमआरआय लागत नाही, घरात कोणीही बघू शकतं. टाचांतला एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे ढोबळमानाने सरळ होण्यातला एक अंश कमी.

ऐकायला किरकोळ वाटतं. गुडघा वाकण्यात दहा अंश कमी पडले तर मांडी घालताना त्रास होईल एवढंच, पण सरळ होण्यात पाच अंश जरी अडले तरी माणूस लंगडतो, मांडीचा पुढचा स्नायू कामच करत नाही आणि गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागतं. म्हणून पहिल्या दिवसापासून आधी सरळ करणं, वाकवणं मागाहून. उशी ठेवायचीच असेल तर टाचेखाली, गुडघ्याखाली कधीच नाही. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा हवेत, आणि मांडी घट्ट आवळून गुडघ्याची मागची बाजू पलंगाला टेकवायचा प्रयत्न, दिवसातून अनेक वेळा. वाटी बोटांनी वर-खाली, डावी-उजवीकडे हलवायची, ती चिकटू द्यायची नाही. बर्फ, आणि पाय उंचावर. हे सगळं मोरी ते पलंग एवढ्याच जागेत होतं, त्याला ठाण्याला जावं लागत नाही. फिजिओ मात्र ऑपरेशनच्या आधीच घराजवळचा ठरवून ठेवावा, आणि सर्जननी आखलेला आठवड्यानिहाय कार्यक्रम लेखी घेऊन त्याच्या हातात द्यावा. त्या कागदावर सर्जनची सही असेल तर इन्शुरन्स कंपनीकडे फिजिओचं बिल लावून बघता येतं.

आमच्या बाबतीत नुसत्या व्यायामाने भागलं नाही. ग्राफ्टच्या समोर घट्ट तंतूंची गाठ तयार झाली होती आणि पाय सरळ करताना दाराला पाचर लागावी तशी ती अडत होती. सर्जन याला 'सायक्लॉप्स' म्हणतात. दुर्बिणीतून ती गोल, एका डोळ्यासारखी दिसते म्हणून 1990 मध्ये हे नाव पडलं. पुन्हा दुर्बीण घालून गाठ काढली. अशी गाठ सगळं नीट करूनही कोणाला होऊ शकते, त्यामुळे उशीवर सगळा दोष टाकत नाही. पण ती लवकर ओळखली गेली असती तर पोरीचे दोन-तीन महिने वाचले असते. दुसऱ्या ऑपरेशनच्या संध्याकाळी उशी कपाटात गेली, आणि आत्याबाईच टाचेखाली टॉवेल गुंडाळायला बसल्या.

मधल्या काळात एकदा पोटरी दुखायला लागली. शेजारच्या काकू तिळाचं तेल गरम करून घेऊनच आल्या, चोळून देते म्हणाल्या. ऑपरेशननंतर दुखणारी, ताठलेली पोटरी चोळायची नसते. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरी दुखते, एकाच पायाला सूज चढते, कातडी ताणलेली दिसते, असं झालं तर त्याच दिवशी कलर डॉप्लर करून घ्यावा. आमचा रिपोर्ट स्वच्छ आला, पैसे वाया गेले असं कोणी म्हणालं नाही. धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं तर मात्र डॉप्लरच्या रांगेत उभं न राहता थेट इमर्जन्सीत जायचं.

तापाचंही तसंच. पहिल्या दोन दिवसांतली थोडी कणकण वेगळी. कमी होत आलेलं दुखणं चार-आठ दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीही, पुन्हा उसळलं, गुडघा गरम झाला, टाक्यांतून पाणी यायला लागलं, तर गल्लीतल्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिकचा कोर्स लिहून घेऊ नये. या गोळ्या आजार झाकतात आणि कल्चरमध्ये जंतू सापडत नाही. आधी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना गाठावं, ते गुडघ्यातलं पाणी काढून तपासतील. असा संसर्ग शंभरात एखाद्यालाही क्वचितच होतो, आणि वेळेवर सांधा धुतला तर ग्राफ्ट बहुधा वाचतो. रात्री-अपरात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा हे डिस्चार्ज घेतानाच कार्डावर लिहून घ्या. रिसेप्शनचा नंबर नको, रात्री तो उचलत नाहीत.

यानंतरचा धोका डॉक्टर, घर या सगळ्यांच्या बाहेरून येतो: मैदानातून. सहाव्या महिन्यात पाय छान दिसतो. सूज नाही, पोरगी धावते, आणि तिच्या कबड्डी मंडळाच्या सरांना कल्याणच्या स्पर्धेसाठी कोपरारक्षक हवी असते. नवीन ग्राफ्ट हा सुरुवातीला नुसता बसवलेला दोर असतो, त्याचं लिगामेंट व्हायला शरीर बरेच महिने घेतं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात दिसलं की नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितकं पुढे ढकललं, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचा दर साधारण निम्म्याने घसरला. पंचविशीच्या आतल्या खेळाडूंमध्ये खेळात परतलेल्या जवळपास चारांतल्या एकाचं लिगामेंट पुन्हा जातं, त्याच पायाचं किंवा धडधाकट पायाचं. क्रिकेटपटू ऋषभ पंतचा कार अपघात 30 डिसेंबर 2022 चा. गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईत झालं, आणि तो आयपीएलला उतरला मार्च 2024 मध्ये. दिमतीला सगळं क्रिकेट बोर्ड असताना. मी सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "वहिनी, तो विकेटकीपर आहे, त्याला उठाबशा काढायच्या असतात." कबड्डीत काय काढायचं असतं हे मी विचारलं नाही.

तारखेपेक्षा चाचणी महत्त्वाची. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के हवी, एका पायावरच्या उड्या दोन्ही बाजूंनी सारख्या हव्यात, उडीनंतर टेकताना गुडघा आत कोसळता कामा नये. हिची ताकद ऐंशीच्या आसपास अडकली होती. फिजिओताईंनी नाही म्हणून लिहून दिलं, तो कागद मी सरांच्या हातात ठेवला आणि त्या स्पर्धेत ती गुणलेखकाच्या टेबलावर बसली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या मोसमात ती परत मॅटवर आली. मंडळात आता सरावाआधी दुखापती टाळण्यासाठी फुटबॉलच्या '11+'सारखा वॉर्म-अप घेतात, एका पायावर तोल, उडी मारून मऊ टेकणं, मांडीच्या मागच्या स्नायूचे व्यायाम, वीसेक मिनिटांचं काम. सरांनीच सुरू केलं, माझं नाव न घेता. शेवटची पाच मिनिटं चुकवणाऱ्या मुली असतातच, आणि त्यांत आमची पहिली असते.