खारवट जमीन आणि लवणप्रिय सूक्ष्म जीव

सोलापूर जिल्हा हा मूळचा अवर्षणप्रवण. नीरा उजव्या कालव्याने माळशिरस-पंढरपूर भागात आणि १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमाकाठी पाणी आणले व उसाचे क्षेत्र वाढले. परंतु भारी काळ्या जमिनीत निचरा नसेल तर भूजल वर चढते. पृष्ठभागी आलेले पाणी वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात शेतावर दिसणारा पांढरा थर तो हाच.

मिठात जीव कसा तगतो?

खारट पाणी जिवंत पेशीतील पाणी ओढून घेते. लोणचे मिठामुळे टिकते, त्याचे हे एक प्रमुख कारण होय. तथापि काही सूक्ष्म जीवांना मीठच मानवते. त्यांतील काही पेशीत पालाशाचे क्षार साठवितात, तर काही निरुपद्रवी सेंद्रिय द्रव्ये तयार करून बाहेरच्या ओढीचा तोल सांभाळतात. अति खारट पाण्यातील कित्येक जीव गोड्या पाण्यात टाकल्यास फुटून मरतात.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे याचे उत्तम उदाहरण आहे. तेथील पाणी खारे असून त्याचा सामू १० च्या आसपास असतो. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत हा रंग लवणप्रिय सूक्ष्म जीवांचा असल्याचे आढळून आले. मिठागरांतील तांबूस छटाही बहुधा अशाच जीवांमुळे येते.

शेतकऱ्याने काय घ्यावे?

असे जीव मीठ सोसतात. ते नाहीसे करीत नाहीत. म्हणून केवळ जंतुसंवर्धन टाकल्याने शेत सुधारेल, अशी आशा धरू नये. उलट, द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी करणारे व अमोनियाचे नायट्रेट करणारे उपयुक्त जंतू क्षारांमुळे मंदावतात आणि घातलेल्या खताचा पुरेसा लाभ मिळत नाही.

उपाय पुढील क्रमाने योजावेत :

१. प्रथम माती व पाणी तपासून घ्यावे. विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरहून अधिक असल्यास जमीन खारवट समजावी. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असल्यास ती चोपण होय.

२. खारवट जमिनीत चर काढून निचरा साधावा व नंतर चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत. निचऱ्यावाचून अधिक पाणी देणे म्हणजे क्षारांना निमंत्रणच होय.

३. चोपण जमिनीस तपासणीनुसार जिप्सम द्यावे. चुनखडीयुक्त जमिनीत गंधकही चालते. जमिनीतील जंतू त्यापासून आम्ल तयार करतात, त्या आम्लाने चुनखडी विरघळते आणि जिप्सम बनते. या क्रियेस ओलावा, हवा व अवधी लागतो.

४. धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावा. मूग, उडीद यांसारखी नाजूक पिके तूर्त टाळावीत.

चर एकाच्या शेतात थांबून चालत नाही. पाणी ओढ्यापर्यंत जावे लागते. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिवारातील सर्व खातेदारांना एकत्र आणून चरांची आखणी करावी. पांढरा थर दिसू लागताच हे काम हाती घेतल्यास जमीन वाचते. विलंब झाल्यास खर्च वाढतो आणि पीक हातचे जाते.