माणसाची आयुर्मर्यादा आणि आजीव सभासदांचा हिशोब

वार्षिक अहवालात वैद्यकीय विषयावरील एक अभ्यासलेख द्यावा, असा आपल्या संस्थेचा जुना प्रघात आहे. हा लेख बहुधा आमच्या तज्ज्ञ डॉक्टरांपैकी कोणीतरी लिहितात. यंदा ती जबाबदारी प्रशासन विभागावर आली, कारण निवडलेला विषय जितका वैद्यकाचा तितकाच हिशोबाच्या वहीचाही आहे. शिवाय त्या वहीतील एक चूक आमच्या हातची आहे.

जुन्या देणगीदारांना १९९६ सालची आजीव आरोग्य सभासद योजना स्मरत असेल. साठी पूर्ण केलेल्या व्यक्तीने एकरकमी वर्गणी भरावी आणि हयात असेपर्यंत नियमित तपासणी, रक्त-लघवीच्या नेहमीच्या चाचण्या व सर्वसाधारण कक्षातील खाट विनामूल्य मिळवावी, असे तिचे स्वरूप होते. वर्गणीची रक्कम ठरविण्याचे काम आमच्याकडे होते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, नोकरीत नवे. भारतीयांचे सरासरी आयुर्मान तेव्हा साठ-एकसष्ट वर्षांचे होते. साठाव्या वर्षी सभासद होणाऱ्याची सरासरी तर भरतच आलेली. तरीही सढळ हाताने दहा वर्षे धरू, असा आम्ही हिशोब मांडला. विश्वस्तांनी तो विश्वासाने मंजूर केला. दहा वर्षे उलटली, निधी संपत आला आणि सभासद मात्र ठणठणीत होते. त्यानंतरची तूट दरवर्षी सर्वसाधारण देणग्यांतून भरून काढावी लागत आहे.

गेल्या वार्षिक सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी विचारले, ‘‘विज्ञान आता माणसाला दीडशे वर्षे जगविणार, असे वाचनात येते. तसे झाले तर आपल्या या योजनेचे काय होणार?’’ सभेत हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले आणि आमच्या डॉक्टरांकडून समजावून घेतले, ते येथे मांडीत आहोत.

प्रथम आमच्या चुकीविषयी. सरासरी आयुर्मान म्हणून जो आकडा छापला जातो, तो जन्मणाऱ्या बालकाचा असतो. दहा बालके जन्मली, त्यांतील तीन पाळण्यातच गेली आणि उरलेली सात सत्तर वर्षे जगली, तर सरासरी एकोणपन्नास येते. पण एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांतले कोणीच गेलेले नसते. त्या काळी साठी गाठलेल्या भारतीयापुढे सरासरीने आणखी सुमारे सोळा वर्षे होती. हा आकडा सरकारी तक्त्यात त्याच पानावर, दुसऱ्या रकान्यात दिलेला होता. आम्ही तो रकाना वाचलाच नाही.

सरासरी आणि मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पटविण्यासाठी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण पुरेसे आहे. १८५८ साली कोकणात जन्मलेले अण्णासाहेब १९६२ साली, वयाच्या एकशे पाचव्या वर्षात, निवर्तले. शंभरी पूर्ण झाली त्या १९५८ सालीच त्यांना भारतरत्न मिळाले होते. त्यांच्या हयातीत, १९११ ते १९२१ या दुष्काळ, प्लेग आणि इन्फ्लुएन्झाच्या दशकात, भारतीयांचे सरासरी आयुर्मान जेमतेम वीस वर्षांचे होते. म्हणजे शंभरी गाठण्याची क्षमता मानवी देहात तेव्हाही होती. ती आजमावण्याची संधी फारच थोड्यांना मिळत असे.

ही संधी वाढली, हीच गेल्या शतकातील वैद्यकाची मोठी कमाई. स्वातंत्र्याच्या वेळी बत्तीसच्या आसपास असलेले आपले सरासरी आयुर्मान आज सत्तरच्या घरात आहे. ही वाढ प्रामुख्याने लहान मुले वाचल्यामुळे झाली. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. तीस टक्क्यांच्या घरातील मृत्यूचे प्रमाण त्यामुळे चार टक्क्यांच्या खाली आले. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले आणि घरच्या घरी नवजात बालकांची निगा घेतली जाऊ लागली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंमध्ये साठ टक्क्यांहून अधिक घट झाल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या कामात महागडे यंत्र एकही नव्हते, हे देणगीच्या विनियोगाचा विचार करताना आम्हांला वारंवार आठवते.

परंतु एकदा वाचलेले मूल आणखी वाचविता येत नाही. बालमृत्यू पुरेसे घटले की पुढची वाढ म्हाताऱ्यांच्या आयुष्यातूनच काढावी लागते, आणि तेथे हिशोब अवघड होतो.

येथे आमच्यासारख्याच फसलेल्या एका गृहस्थांची हकिकत सांगणे भाग आहे. फ्रान्समधील आर्ल या गावी झान कालमां नावाच्या बाई राहत. १९६५ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांनी आपले राहते घर एका सत्तेचाळीस वर्षांच्या नोटरीला दिले. अट अशी की बाई हयात असेपर्यंत त्यांनी दरमहा २,५०० फ्रँक द्यावेत आणि नंतर घर त्यांचे व्हावे. व्यवहार घसघशीत फायद्याचा दिसत होता. तीस वर्षांनी, १९९५ साली, ते नोटरी सत्त्याहत्तराव्या वर्षी वारले. तोवर घराच्या किमतीच्या दुपटीहून अधिक रक्कम त्यांनी भरली होती, आणि पुढील हप्ते त्यांच्या पत्नीला द्यावे लागले. बाई १९९७ साली १२२ वर्षे १६४ दिवसांच्या होऊन गेल्या. त्यांच्या वयाविषयी २०१८ साली शंका घेण्यात आली होती. फ्रेंच अभ्यासकांनी कागदपत्रांच्या आधारे ती फेटाळली. हा उच्चांक आजतागायत मोडलेला नाही. जपानच्या काने तानाका २०२२ साली ११९ व्या वर्षी गेल्या. शंभरी गाठणाऱ्यांची संख्या जगभर वाढत असताना माथ्यावरचा आकडा जवळजवळ तीन दशके तसाच आहे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

याचे कारण एका विमा गणितज्ञाने दोनशे वर्षांपूर्वीच दाखवून ठेवले आहे. बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ साली लंडनमध्ये मांडले की प्रौढ वयात मृत्यूचा धोका चक्रवाढीने वाढतो. तो साधारण आठ वर्षांनी दुप्पट होतो, असे आजचे तक्ते सांगतात. उदाहरणार्थ, तिसाव्या वर्षी हजारात एकाचा मृत्यू होत असेल, तर अडतिसाव्या वर्षी दोघांचा, सेहेचाळिसाव्या वर्षी चौघांचा, याप्रमाणे सत्तराव्या वर्षी बत्तीस आणि चौऱ्याण्णवाव्या वर्षी दोनशे छप्पन्न. चक्रवाढ व्याजाचे कर्ज ज्यांनी फेडले आहे, त्यांना पहिल्या वर्षांतला निवांतपणा आणि शेवटच्या वर्षांतली धावपळ वेगळी सांगायला नको.

आता याच कोष्टकावर आपली आशा तपासून पाहू. समजा, उद्या असे औषध निघाले की प्रत्येक वयातला मृत्यूचा धोका निम्मा झाला. एवढ्या मोठ्या शोधाने आयुष्यात भर पडेल ती फक्त आठ वर्षांची, कारण आठ वर्षांत धोका पुन्हा दुप्पट होऊन पूर्वीच्या जागी येतो. सरासरी ऐंशीवरून दीडशेवर न्यायची तर हे निम्मे करणे जवळजवळ नऊ वेळा साधावे लागेल. म्हणजेच धोका आजच्या सुमारे पाचशेव्या हिश्श्यावर आणावा लागेल. एकेक रोग जिंकून हे होण्यासारखे नाही. कर्करोगाने होणारे सारे मृत्यू टळले तरी सरासरी आयुर्मानात सुमारे तीनच वर्षांची वाढ होईल, असे अमेरिकेतील आकडेवारीवरून १९९० साली दाखविण्यात आले. आमच्या कर्करोग विभागाला उदारपणे साहाय्य करणाऱ्यांनी या आकड्याने खिन्न होऊ नये. पंचेचाळिसाव्या वर्षी बरी होऊन घरी गेलेली आई सरासरीत दिसत नाही. तिच्या घरात दिसते.

मर्यादा सांगणारे पंडितही वेळोवेळी तोंडघशी पडले आहेत, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. अमेरिकेतील विमा संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांनी १९२८ साली सरासरी आयुर्मानाची कमाल मर्यादा पावणेपासष्ट वर्षे असल्याचे सांगितले. न्यूझीलंडमधील गोऱ्या स्त्रियांनी ती त्याआधीच ओलांडली होती. जिम ओपन आणि जेम्स वॉपेल यांनी २००२ साली दाखविले की जगातील सर्वांत दीर्घायुषी देशाचे आयुर्मान १८४० पासून दर वर्षाला तीन महिने या गतीने, जवळजवळ सरळ रेषेत वाढत आले: स्वीडनच्या स्त्रियांचे पंचेचाळीस ते २००० साली जपानच्या स्त्रियांचे जवळपास पंच्याऐंशी. उलट २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, जे ओल्शान्स्की व सहकाऱ्यांच्या अभ्यासात १९९० नंतर अशा आघाडीच्या देशांतही हा वेग मंदावल्याचे आढळले. आमच्या मते चक्रवाढीचा नियम येथे जाणवू लागला आहे.

मग दीडशेची भाषा येते कोठून? ती प्रयोगशाळेतून येते आणि ती निराधार नाही. सिंथिया केनयन यांनी १९९३ साली एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीमध्ये एकच जनुक बदलून त्याचे आयुष्य दुप्पट केले. २००९ साली रॅपामायसिन हे औषध म्हाताऱ्या उंदरांना दिले असता नरांचे आयुष्य नऊ तर माद्यांचे चौदा टक्क्यांनी वाढले. हे औषध मूत्रपिंड रोपणाच्या रुग्णांना परिचित आहे. ते प्रतिकारशक्ती दाबते, म्हणून निरोगी माणसाने ते घेण्यात धोका आहे. या प्रयोगांचे महत्त्व असे की त्यांत एखादा रोग नव्हे, तर वार्धक्याचा वेगच कमी झालेला दिसतो. आमच्या भाषेत, व्याजाचा दर उतरलेला दिसतो. मात्र प्राणी जसजसा माणसाच्या जवळ येतो, तसतसा हा लाभ धूसर होत जातो. अल्पाहारावर ठेवलेल्या माकडांचे दोन दीर्घकालीन प्रयोग अमेरिकेत झाले. एकाने २००९ साली लाभ सांगितला. दुसऱ्यात, २०१२ साली, आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. आणि माणसाच्या वार्धक्याचा वेग कमी करणारे सिद्ध औषध आज कोठेही उपलब्ध नाही.

हे शेवटचे वाक्य रुग्णांच्या कुटुंबीयांनी विशेष ध्यानात घ्यावे. जाहिरातींची कात्रणे घेऊन अनेक जण आमच्या कार्यालयात येतात आणि ‘तारुण्य परत देणारी’ इंजेक्शने येथे का मिळत नाहीत, असे विचारतात. तरुणांच्या रक्तातील द्रव वृद्धांना देण्याचा व्यवसायही अमेरिकेत सुरू झाला होता. त्याचा लाभ सिद्ध नसून अपाय होऊ शकतो, असा इशारा तेथील अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिला. घरातील वडीलधाऱ्यांसाठी ठेवलेली पुंजी अशा ठिकाणी खर्च होताना पाहून वाईट वाटते.

शास्त्रज्ञांतही एकमत नाही. वर उल्लेखिलेले ओल्शान्स्की आणि त्यांचे मित्र स्टीव्हन ऑस्टॅड यांनी २००० साली पैज लावली: त्या वेळी जन्मलेल्यांपैकी कोणी २१५० साली दीडशे वर्षांचे असेल काय? प्रत्येकी दीडशे डॉलर गुंतविले, २०१६ साली तितकेच पुन्हा टाकले, आणि रक्कम जिंकणाऱ्याच्या वारसांना मिळावयाची आहे. ऑस्टॅड यांचा होकार आहे, पण दीडशे वर्षांची ती व्यक्ती शुद्धीवर व बोलती-चालती असली पाहिजे, अशी अट त्यांनी मान्य केली आहे.

आम्हांला त्या अटीचे मोल अधिक वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली जगाचे सरासरी आयुर्मान सुमारे त्र्याहत्तर वर्षे होते, तर निरोगी आयुष्य त्रेसष्ट-चौसष्टच. मधली नऊ-दहा वर्षे दुखण्याची. आपल्या लोककथांतला अश्वत्थामा चिरंजीव आहे, पण कपाळावरची जखम घेऊन दारोदार तेल मागत हिंडतो. तो कोणाला हेवा वाटावा असा नाही. आमच्या बाह्यरुग्ण विभागात ही मधली वर्षे रोज दिसतात. मोतीबिंदू, गुडघे, ऐकू न येणे, पडून मोडलेले खुब्याचे हाड, विस्मरण. यांतील पहिल्या चारांवर उपाय आहेत, ते आपल्या ऐपतीतले आहेत आणि त्यांनी माणूस पुन्हा उठून चालू-फिरू लागतो. पाचव्यावर अजून उपाय नाही; तेथे घरच्यांना आधार देणे एवढेच हाती उरते.

पूर्वी सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा गावात एखाद्याच घरी होई. हजार पौर्णिमा पाहायला जवळजवळ एक्याऐंशी वर्षे लागतात. आता असे निमंत्रण आमच्याकडे वर्षातून चार-सहा वेळा येते आणि त्यांतील निम्मी तरी १९९६ च्या सभासदांची असतात. त्यांतल्या एक आजी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी रक्तदाब मोजून घेण्यास येतात. वर्गणीची मूळ पावती प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली असते आणि तीवर सही आमची आहे. कोणी मागत नसतानाही त्या ती खिडकीवर दाखवितात.

देणगीदारांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही विश्वस्त मंडळापुढे असे ठेवले: दीडशे वर्षांची तरतूद करण्याचे आज कारण नाही, पंचाण्णवपर्यंतची मात्र केलीच पाहिजे. त्यानुसार वर्गणीची नवी कोष्टके प्रवेशाच्या वेळच्या वयावरून, त्या वयापुढील सरासरी आयुष्याचा रकाना पाहून तयार केली आहेत आणि दर पाच वर्षांनी ती तपासली जातील. जुन्या सभासदांच्या सवलतीत कोणताही बदल होणार नाही. तसा ठराव मंडळाने एकमताने संमत केला आहे. जुन्या योजनेची तूट यापुढे सर्वसाधारण देणग्यांत न मिसळता स्वतंत्र शीर्षाखाली दाखविली जाईल. यंदाचा आकडा ताळेबंदाच्या परिशिष्टात दिला आहे.