पालकत्व कधी संपतं? मुलांचं संरक्षण आणि कायदा : शिक्षक-पालकांसाठी



आजचा पाठ कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. पण शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी लागतोच. मला तो उशिरा कळला, म्हणून आधी माझीच चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. नाव आणि गाव मुद्दाम देत नाही. ऐन मार्च महिन्यात ती पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून यायची. एकदा पाणी पिताना बाही वर सरकली, तर दंडावर वळ दिसले. विचारलं तर म्हणाली, "पडले बाई." दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मात्र काही न बोलता रडायला लागली.

१०९८ हा नंबर मला माहीत होता. शाळेच्या भिंतीवर मीच रंगवून घेतला होता! तरी तीन आठवडे मी फोन केला नाही. कारण एकच भीती : तक्रार केली तर सरकार लेकरू उचलून नेईल आणि आईपासून कायमचं तोडेल. स्टाफरूममध्येही हेच ऐकलं, "बाई, कशाला कुणाचं घर मोडता?"

ही भीती कायद्याच्या अज्ञानातून आलेली होती. तुमच्याही मनात ती असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करूया

आपल्याकडे "आई-वडिलांचे हक्क रद्द करा" असा एकच सुटसुटीत दावा नाही, की एक अर्ज केला आणि नातं संपलं. आपला कायदा पायऱ्या-पायऱ्यांनी जातो. खालच्या पायऱ्यांवर नातं शाबूत राहतं, फक्त मुलाची सुरक्षितता बघितली जाते. नातं कायद्यानं तुटतं ते अगदी शेवटच्या पायरीवर, म्हणजे दत्तकाचा आदेश झाल्यावर. तिथपर्यंत पोचणारी प्रकरणं वेगळी असतात आणि वाटेत थांबे बरेच असतात.

मुख्य कायदा आहे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यात सुरुवातीलाच तत्त्वं दिली आहेत. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची. मुलाचं हित सगळ्यात वर. आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. ही तत्त्वं लक्षात ठेवली की पुढचं सगळं सोपं जातं.

पहिली पायरी : घर तेच, पण मदत आणि लक्ष

अनेकदा घरात वाईटपणा नसतो, अडचण असते. वडील वारले, आई आजारी, रोजगार नाही. गरिबी हा काही आई-वडिलांचा गुन्हा नव्हे. अशा वेळी मूल घरातच राहावं म्हणून आर्थिक मदत मिळू शकते. मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्व म्हणून दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनाही आहे. एकल पालकांची मुलं, अनाथ मुलं, गंभीर आजारी पालकांची मुलं तिच्यासाठी अर्ज करू शकतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करा. आपल्या वर्गातली किती मुलं यात बसतात, एकदा हजेरीपट समोर घेऊन बघा.

आई-वडील ऊसतोडीला गेले आणि मूल आजीकडे राहिलं, याचा अर्थ मुलाला "सोडून दिलं" असा होत नाही, हेही इथेच सांगून ठेवते.

दुसरी पायरी : ताबा बदलतो, पालकत्व नाही

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ताबा म्हणजे मूल कोणाजवळ राहणार. पालकत्व ही त्याहून मोठी गोष्ट आहे.

नवरा-बायको वेगळे झाले आणि न्यायालयानं मूल आईकडे दिलं, तरी वडील वडीलच राहतात. पोटगी द्यावीच लागते. न्यायालयानं ठरवल्याप्रमाणे भेटता येतं. मुलाचा वारसाहक्कही जात नाही. "मला मूल नको, पोटगीही मागू नका" असं आपापसात लिहून घेतलं, तरी मुलाचा पोटगीचा हक्क त्यानं बुडत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ नुसार पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं, आणि पालक ठरवताना मुलाचं कल्याण सर्वोच्च मानावं. याच कायद्यात "वडील आणि त्यांच्यानंतर आई" असे शब्द आहेत. १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की "नंतर" म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असं नाही. वडील जबाबदारी घेत नसतील, तर ते हयात असतानाही आई पालक असू शकते. शाळेच्या दाखल्यावर फक्त आईची सही घेऊन एखादी बाई आली, की आपण कपाळाला आठ्या घालतो ना? तेव्हा हा निकाल आठवा.

आता मारहाणीचं किंवा दुर्लक्षाचं प्रकरण. ते जातं बाल कल्याण समितीकडे. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला असावी लागते. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मूल ताब्यात घेतलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत समितीसमोर न्यावं लागतं. मग सामाजिक कार्यकर्ता किंवा बाल कल्याण अधिकारी घरी जाऊन चौकशी करतो, अहवाल देतो. मुलाशी बोललं जातं. अंतिम आदेश पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अपेक्षित असतो.

त्या आदेशात काय काय असू शकतं?

१. मूल आई-वडिलांकडेच परत, देखरेखीसह किंवा देखरेखीशिवाय.
२. मूल काही काळ योग्य व्यक्तीकडे, उदाहरणार्थ मावशी, आजोबा.
३. प्रतिपालक कुटुंबात.
४. बालगृहात.
५. प्रायोजकत्वाची मदत.

बघा, यातल्या एकाही आदेशानं आई-वडिलांचं नातं संपत नाही. आदेश पटला नाही तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. (प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्वाच्या निर्णयांवरचं अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे.)

मारहाण करणाऱ्यावर गुन्हा होऊ शकतो, ती बाजू वेगळी. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानंच क्रूरपणे वागवलं, तर कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. शिक्षा झाली म्हणून बाप बापपणातून आपोआप वजा होत नाही, आणि बाप आहे म्हणून शिक्षेतून सुटतही नाही.

तिसरी पायरी : मूल दत्तकासाठी मुक्त होणं

इथे मुख्यतः तीन प्रकारची मुलं येतात : अनाथ, सोडून दिलेली आणि समर्पित.

"समर्पित" म्हणजे काय? शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांनी, जी आपल्या हाताबाहेरची आहेत, आई किंवा वडील मूल सांभाळू शकत नाहीत. मग ते स्वतः समितीसमोर मुलाला घेऊन येतात. समिती चौकशी करते, समुपदेशन करते, आणि मगच समर्पणपत्रावर सही होते. मूल लग्नाच्या नात्यातलं असेल तर दोघांचीही सही लागते. आई अविवाहित असेल तर तिची एकटीची पुरते.

आणि आता महत्त्वाचं. सही झाली तरी दार बंद होत नाही. फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. कोवळ्या वयातली, घाबरलेली आई त्या दिवशी काय निर्णय घेईल याचा भरवसा नसतो, म्हणून कायद्यानं तिला हा वेळ दिलाय. या काळात तिचं मन बदललं, तर ती मूल परत मागू शकते.

सोडून दिलेल्या मुलाच्या बाबतीत आधी आई-वडिलांचा शोध घेतला जातो. मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत, त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत समितीला निर्णय द्यायचा असतो. मूल दत्तकासाठी मुक्त ठरवायला किमान तीन सदस्यांचा निर्णय लागतो. संस्थेत ठेवलेल्या मुलाकडे वर्षानुवर्षं कोणी फिरकलंच नाही, तर चौकशीनंतर समिती त्यालाही सोडून दिलेलं ठरवू शकते.

अजून एक गोष्ट कृपया गावात सांगा. नाइलाजानं मूल सोडावं लागलेल्या जन्मदात्या आईवर या चौकशीत गुन्हा नोंदवला जाऊ नये, असं कायदा सांगतो. पोलिसांच्या भीतीनं तान्हं बाळ उकिरड्यावर ठेवण्याची काहीच गरज नाही. समितीचं दार उघडं आहे आणि तिथं नाव गुप्त राहतं.

चौथी पायरी : दत्तकाचा आदेश

नातं खरोखर तुटतं ते इथं. आदेश लागू झाला की मूल नव्या आई-वडिलांचं होतं, जणू त्यांच्या पोटी जन्मलेलं. जन्माच्या कुटुंबाशी असलेले कायदेशीर धागे संपतात. मात्र मुलाच्या नावावर आधीच आलेली मालमत्ता मुलाचीच राहते. २०२१ च्या दुरुस्तीनं हा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला.

"स्टँपवर लिहून घेतलं तर चालेल ना?"

हा प्रश्न मला एका पालकांनी शाळेच्या व्हरांड्यात विचारला. ओळखीत एका बाईला तिसरी मुलगी झाली होती, आणि त्यांच्या बहिणीला मूल नव्हतं. "दोन्हीकडची सोय होते बाई," म्हणाले.

तर ऐका. नुसत्या स्टँपपेपरनं किंवा नोटरीच्या शिक्क्यानं दत्तक होत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ मध्ये आई-वडील स्वतः मूल दत्तक देऊ शकतात हे खरं. पण त्याला अटी आहेत : दोघांची संमती, प्रत्यक्ष देणं-घेणं, मुलाच्या वयाची मर्यादा, घेणाऱ्याला मुलगी दत्तक घ्यायची तर आधीची मुलगी नसणं, वगैरे. पैशाचा व्यवहार तर पूर्ण निषिद्ध. मुलाची खरेदी-विक्री झाली तर बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. कागद कच्चा राहिला तर उद्या त्या मुलीच्या दाखल्यावर, वारसाहक्कावर, सगळीकडे प्रश्न उभे राहतात. त्रास मोठ्यांना कमी आणि तिलाच जास्त. मी त्यांना बाल संरक्षण कक्षाचा पत्ता दिला.

शाळेत आपण काय करायचं?

* संशय आला तर तारखेसह लिहून ठेवा. काय दिसलं आणि मूल स्वतःच्या शब्दांत काय म्हणालं, एवढंच. आपला अंदाज त्यात मिसळू नका.
* मुलाला खोदून खोदून विचारू नका. "तुझी काही चूक नाही" हे मात्र जरूर सांगा. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. ते आपल्याला पाळता येणार नाही.
* १०९८ वर फोन करा. शिक्षकच काय, कोणीही जागरूक नागरिक मुलाला समितीसमोर नेऊ शकतो. मूल स्वतःही जाऊ शकतं.
* लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायदा, २०१२ नुसार कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.
* एकटं, निराधार किंवा सोडून दिलेलं मूल सापडलं तर २४ तासांत कळवायलाच हवं.
* मुलाचं नाव, फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

त्या मुलीचं पुढे काय झालं?

चौथ्या आठवड्यात ती सुजलेलं मनगट घेऊन आली, तेव्हा मी फोन केला. समितीनं तिला आधी मावशीकडे ठेवलं. आई दर रविवारी भेटायला जायची. वडिलांना दारू सोडण्यासाठी उपचाराला पाठवलं, घरी भेटी चालू राहिल्या. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा ती देखरेखीखाली घरी परतली होती. स्वेटर नव्हता.

सगळ्याच प्रकरणांचा शेवट असा होत नाही, हे मलाही कळतं. काही घरं मुलांसाठी खरंच सुरक्षित नसतात, आणि तिथं कायद्याला वरच्या पायरीवर जावं लागतं. पण ते ठरवण्याचं काम समितीचं आहे. आपलं काम पहिल्या पायरीशी हात वर करणं, एवढंच. मी ते तीन आठवडे उशिरा केलं, आणि ते सुजलेलं मनगट त्या तीन आठवड्यांतलं आहे.

पुढच्या पालकसभेत दहा मिनिटं या विषयाला द्या. पायऱ्या फळ्यावर काढून दाखवा. "समितीकडे गेलं की मूल जातं" ही समजूत तुमच्या गावातही असेलच. ती आधी पुसूया.