आई दुसऱ्या ओळीत गेली, मग पुढे?

चि. सोनूस,


तुझी कादंबरी वाचून झाली. शंभरपानी वही, त्यातली बेचाळीस पानं भरलेली. दुसऱ्याच ओळीत कसारा घाटात गाडी दरीत जाते आणि अकरा वर्षांच्या निनादचे आईबाबा संपतात. पाचव्या पानावर त्याला बोलणारी अंगठी सापडते, नवव्या पानावर तो उडायला लागतो. गरुडांच्या किल्ल्यावरची लढाई मावशीने समोरचा चहा गार होईस्तोवर वाचली. मग पेन्सिल घेऊन एक गोष्ट मोजली. घाटातल्या अपघातानंतर ‘आई’ हा शब्द वहीत एकदाही येत नाही.

हे पत्र तेवढ्यासाठीच.

साहसकथेत आईबापांना दूर का सारायचं असतं, हे तू बरोबर ओळखलंस. आई घरात असली तर पोराला रात्री बारा वाजता किल्ल्यावर जाऊ देईल का? म्हणून तर फ्रँक बॉमच्या 1900 सालच्या ओझच्या गोष्टीतली डोरोथी पोरकी आहे, टॉल्किनचा फ्रोडो पोरका आहे आणि रोआल्ड डालच्या ‘जेम्स अँड द जायंट पीच’मधला जेम्सही. 1961 सालच्या या पुस्तकात लंडनच्या प्राणिसंग्रहालयातून सुटलेला गेंडा भर दिवसा जेम्सच्या आईवडिलांना खाऊन टाकतो. मृत्यू तुझ्याइतकाच झटपट. पण डाल तिथे थांबत नाही. समुद्रकाठचं घर गेलं, दोन मावश्यांच्या ओसाड टेकडीवरचं घर आलं, तिथे खेळायला कुणी नाही, हे तो आधी पुरतं दाखवतो. जादूचं फळ त्यानंतर वाढतं. डाल स्वतः 3 वर्षांचा असताना, 1920 मध्ये, काही आठवड्यांच्या अंतराने त्याची बहीण आणि वडील गेले होते.

या लेखकांची चरित्रं चाळताना असं पुन्हा पुन्हा समोर येतं. टॉल्किनचे वडील तो 4 वर्षांचा असताना वारले आणि आई 12 वर्षांचा असताना. त्याचा मित्र सी. एस. लुईस याची आई 1908 मध्ये कर्करोगाने गेली, तेव्हा तो 9 वर्षांचा होता. ती बरी व्हावी म्हणून त्याने देवाची प्रार्थना केली होती. 1955 साली त्याने ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ प्रसिद्ध केली. तिच्यातल्या डिगरीची आईही अंथरुणाला खिळलेली आहे. आजार बरा करणारं सफरचंद त्याच्या हातात येतं, चेटकीण कानाशी लागते की पळव आणि आईला दे. तो पळवत नाही, दिलेला शब्द पाळतो. नंतर त्याला रीतसर एक फळ मिळतं आणि आई बरी होते. जे स्वतःच्या घरी घडलं नाही ते लुईसने गोष्टीत घडवलं, पण फुकटात नाही. आधी त्या पोराला ‘आई वाचणार नाही’ हे गृहीत धरून फळ सोडून द्यावं लागलं. सोनू, हे पान पुन्हा वाच. जादूची किंमत कशी ठरवतात, ते इथे शिकायला मिळतं.

हॅरी पॉटर तर तुला पाठच आहे. मराठीत पहिलं पुस्तक ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने आलं. इंग्रजी शीर्षकातल्या त्या लांबलचक नावाच्या दगडाला आपल्याकडे संतांच्या काळापासून रुळलेला शब्द हजर होता. जे. के. रोलिंगला हॅरी सुचला 1990 मध्ये, मँचेस्टरहून लंडनला जाणाऱ्या रखडलेल्या गाडीत. त्याच वर्षी 30 डिसेंबरला तिची आई वारली. वय फक्त 45. मुलगी काय लिहिते आहे, हे आईला कळलंच नाही. पुढे पोर्तुगालमध्ये शिकवायला गेल्यावर रोलिंगने आरशाचं प्रकरण लिहिलं. स्वतःचं आवडतं प्रकरण म्हणून तिने त्याचाच उल्लेख केला आहे.

ते प्रकरण जरा जवळून बघ. रिकामी खोली, रात्र, अदृश्य करणारा झगा अंगावर. आरशात हॅरीला आईवडील दिसतात. आई हसते आहे आणि रडतेही आहे, डोळे थेट त्याच्यासारखे. दुसऱ्या रात्री तो मित्राला घेऊन येतो, तर रॉनला त्यात तो स्वतःच मोठा झालेला, चषक हातात घेतलेला दिसतो. तिसऱ्या रात्री हॅरी पुन्हा त्याच जागी येतो. अख्ख्या प्रकरणात लढाई नाही. ज्या शाळेत टाचणी, उंदीर, पिसं सगळं हवं तसं बदलता येतं, तिथे मेलेली आई मात्र परत आणता येत नाही. सात पुस्तकांत रोलिंगने हा नियम मोडला नाही. त्या मालिकेतला सगळ्यात पक्का नियम हाच.

नील गेमनचं ‘द ग्रेव्हयार्ड बुक’ (2008) तुझ्या हाती लागलं नसेल, तर वाचनालयात विचार. घरच्यांचा खून होतो त्या रात्री एक दुडदुडणारं बाळ टेकडी चढून दफनभूमीत पोचतं आणि तिथली भुतं त्याला सांभाळतात. इथे गेमनने काय विचार केला बघ: भुतं दफनभूमी सोडू शकत नाहीत, मग बाळाला खायला कोण आणणार? म्हणून सायलस नावाचा पालक, जो बाहेर ये-जा करू शकतो. तुझा निनाद बेचाळीस पानांत एकदाही जेवत नाही.

गेमनच्या या पुस्तकामागे किपलिंगचं ‘जंगल बुक’ आहे. किपलिंगचा जन्म 1865 चा, आपल्या मुंबईतला. वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. 1871 मध्ये त्याला आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडला परक्या घरी ठेवून आईवडील परतले. पुढची पाचेक वर्षं त्याने तिथे छळ सोसला. आईवडील जिवंत असून पोरकेपण! मोगली जंगल सोडताना पहिल्यांदा रडतो, तेव्हा आपल्याला काय होतंय हेच त्याला कळत नाही. मरायला टेकलो की काय, असं त्याला वाटतं. हे नुसते अश्रू आहेत, हे बघीराला सांगावं लागतं. असा एक प्रसंग कागदावर उतरला, तर दहा लढाया कमी लिहिल्या तरी चालेल.

आपल्याकडे ना. धों. ताम्हनकरांचा गोट्याही पोरकाच. त्याच्याजवळ अंगठी नाही की झगा नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहिला.

निनादची अंगठी काढू नकोस, ती छान आहे. फक्त ती उशिरा येऊ दे. आधी तो कुणाकडे राहायला जातो, ते सांग. काकूकडे मांडणीवर आईच्या रुखवतातला डबा असेल, त्यावर तिचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली असेल. कुणीतरी त्यात सहज डाळ भरून ठेवली असेल. निनादने ते नाव बोटाने चाचपून बघितलं तर त्याला काय वाटेल, ते तूच लिहू शकतेस.

वही या पत्रासोबत परत येते आहे. पहिल्या आणि दुसऱ्या पानाच्या मधे चार कोरे कागद टाचले आहेत. अपघातानंतरची सकाळ त्यांवर लिहून काढ आणि दिवाळीला येताना घेऊन ये.

तुझी,
मावशी