आधी लघुकौमुदी

अगं, लंकेच्या बाजारात प्रोग्रॅमिंगचं पुस्तक घ्यायला निघालीस ते ठीक. पण पैसे मोजण्याआधी या म्हाताऱ्याचं जरा ऐकून जा. मला तुझ्या कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही. पण पहिलं पुस्तक कुठलं, हा प्रश्न आपल्या काशीतल्या दूधविनायकाच्या गल्ल्यांना जुनाच आहे.

पाणिनीची व्याकरणसूत्रं जवळजवळ ४०००. दशग्रंथी घरातली मुलं ती पाठ करतात, पण पाठ होणं वेगळं आणि कळणं वेगळं. भट्टोजी दीक्षितांनी इथं काशीतच ती विषयवार लावून सिद्धांतकौमुदी केली, तरी नवख्याला ती झेपेना. मग त्यांचे शिष्य वरदराज यांनी लघुकौमुदी रचली. तीत सूत्रं साधारण १२७५, म्हणजे दोन तृतीयांश सरळ गाळली! काय गाळायचं हे कळायला आख्खं शास्त्र ठाऊक असावं लागतं. तू पुस्तक हातात घेशील तेव्हा लेखकानं काय गाळलंय ते आधी बघ. सगळं देणारा नऊशे पानी ठोकळा पुढं लागेल, आज नाही.

मात्र पातळ म्हणजे सोपं असं समजू नकोस. पाणिनीची पोथीही उशाखाली मावते! ‘सी’ भाषेवरचं कर्निघन आणि रिची यांचं १९७८चं पुस्तक तसंच आहे. रिची तर त्या भाषेचा जनकच. दुसरी आवृत्ती पावणेतीनशे पानांची, पण हे प्रोग्रॅमिंगचं पहिलं पुस्तक नव्हे, असं त्यांनीच सुरुवातीला सांगून टाकलंय. ते दुसरं म्हणून घे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ समोर बसून बोलल्यासारखं आहे, तू तिथून सुरुवात कर.

पण आवृत्ती नवी हवी. आपल्याच घरात एकानं स्वस्तात जुनं पुस्तक आणलं होतं. त्यातला प्रोग्रॅम टर्बो सीसाठी लिहिलेला, पहिल्याच ओळीत ‘कॉनिओ डॉट एच’. नव्या कंपायलरला ती फाइल सापडेना. पोरगं आठवडाभर स्वतःलाच ढ समजत राहिलं. पायथन घेणार असशील तर ‘प्रिंट’पुढं कंस आहे का बघ. नसेल तर ते पायथन २; त्याची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली.

दुकानात पहिलं प्रकरण वाचू नकोस, ते सगळेच झकास लिहितात. सीच्या पुस्तकात ‘स्कॅनएफ’ जिथं पहिल्यांदा येतं ते पान काढ. तिथं व्हेरिएबलच्या नावाआधी ‘अँड’चं चिन्ह का लावायचं, हे लेखक सांगतो का? ‘सध्या नुसतं लाव, कारण पॉइंटरच्या प्रकरणात सांगतो’ एवढं म्हणाला तरी माणूस प्रामाणिक. गुपचूप पुढं सरकला तर पुस्तक खाली ठेव. मग लूपच्या प्रकरणाअखेरचे प्रश्न बघ. तोवर शिकवलेल्यावर सुटायला हवेत.

हिंदीतलं घेतलंस तरी माझी ना नाही. फक्त पारिभाषिक शब्द शेजारी इंग्रजीत हवेत, कारण चूक झाली की यंत्र ओरडतं ते इंग्रजीत.

आणि एकच आण. संथा घेतात तसा एकेक प्रोग्रॅम हातानं टाइप कर, मोबाइलवरून उचलून चिकटवू नकोस. दुकानदार ‘एकदम नई है’ म्हणेलच. तू आतल्या पानावरचं साल बघ.