चित्रकार, मध्यस्थ आणि चित्रकथा

वारज्याच्या आपल्या वसतिगृहातील वाचनालयात सर्वाधिक हाताळली जाणारी पुस्तके म्हणजे चित्रकथा. परंतु कथा वाचून झाल्यावर चित्रकाराचे नाव शोधणारा विद्यार्थी विरळाच. ते नाव छापले जाते की गाळले जाते आणि चित्राचा मोबदला कोणाच्या हाती पडतो, हा इतिहासाच्या अभ्यासाचा विषय आहे.

1930 च्या दशकात अमेरिकेत मंदी होती. वृत्तपत्रांतील जुन्या चित्रमालिका पुन्हा छापून विकणाऱ्या प्रकाशकांना नव्या चित्रांची गरज भासू लागली. मात्र त्यांच्यापाशी चित्रकार नव्हते. ही उणीव मध्यस्थांनी भरून काढली. हॅरी चेसलर यांची चित्रशाळा, 1936 मधील आयस्नर-आयगर यांची चित्रशाळा आणि पुढे फनीज इनकॉर्पोरेटेड या संस्था संपूर्ण अंक तयार करून प्रकाशकास विकत. एकाने कथा लिहावी, दुसऱ्याने पेन्सिलीने रेखाटावे, तिसऱ्याने शाई भरावी, चौथ्याने अक्षरे काढावीत, अशी कामाची विभागणी असे. पैसे प्रकाशकाकडून मध्यस्थास आणि त्याच्याकडून चित्रकारास मिळत.

या व्यवस्थेचे मोल नाकारता येणार नाही. प्रतिष्ठित जाहिरातसंस्थांची दारे ज्यांना सहजी उघडत नव्हती, अशा गरीब, स्थलांतरित व ज्यू तरुणांना तिने काम दिले. परंतु अंकावर अनेकदा टोपणनावच छापले जाई आणि खरा हात अज्ञात राही.

जेरी सीगल व जो शुस्टर यांचे उदाहरण बोलके आहे. अनेक ठिकाणी नाकारलेला त्यांचा सुपरमॅन मॅक्स गेन्स यांच्या कार्यालयातून योग्य प्रकाशकापर्यंत पोहोचला. मध्यस्थीमुळे दार उघडले खरे. पण 1938 मध्ये अवघ्या 130 डॉलरांत सर्व हक्क प्रकाशकाकडे गेले. निवृत्तिवेतन मिळण्यासाठी आणि निर्माते म्हणून नावाचा उल्लेख पुन्हा सुरू होण्यासाठी त्यांना 1975 पर्यंत थांबावे लागले.

महाराष्ट्रात 1967 साली मुंबईत ‘अमर चित्र कथा’ सुरू झाली. येथे कथालेखक व चित्रकार यांना जोडण्याचे काम प्रामुख्याने संपादक अनंत पै यांनी केले. आपल्या पुण्याचे प्रताप मुळीक हे त्यांच्या प्रमुख चित्रकारांपैकी एक. याच मालेत 1979 मध्ये बाबासाहेबांचे चरित्र आले, लेखन एस. एस. रेगे यांचे, चित्रे दिलीप कदम यांची. पुढे 2011 मध्ये ‘भीमायन’ प्रसिद्ध झाले. त्यात दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी प्रचलित चौकटी नाकारून आपल्या परंपरेच्या रेषेत बाबासाहेब साकारले. तेथे कलावंत अज्ञात राहिला नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या चित्रकार होईल. त्याने 1957 चा कॉपीराइट कायदा अवश्य समजून घ्यावा. हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते. नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्क सामान्यतः मालकाचा असतो, म्हणून नोकरीचा करारही वाचावा. हक्क विकल्यानंतरही ‘ही कृती माझी’ असे सांगण्याचा अधिकार कलम 57 नुसार कलावंताकडे राहतो.

मध्यस्थ अवश्य असावा. त्याच्यावाचून खेड्यातील चित्र शहरातील छापखान्यापर्यंत क्वचितच पोहोचते. परंतु सही करण्यापूर्वी कागद वाचता येणे, हे चित्र काढता येण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ज्यांच्या पूर्वजांना न वाचता येणाऱ्या कागदांवर अंगठे उमटवावे लागले, त्यांच्या मुलांना याहून अधिक काय सांगावे?