रिपोर्ट नॉर्मल, पाय नापास

सोलापूर जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या आई ७३ वर्षांच्या. न्यूमोनिया झाला म्हणून दहा दिवस दवाखान्यात होत्या, आणि ते दहाही दिवस जवळपास पलंगावरच गेले. ताप गेला, ऑक्सिजन सुटला, एक्स-रे स्वच्छ आला, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले. घरी येऊन पाच आठवडे झाले तरी आईंना कमोडवरून एकट्यानं उठता येत नाही. ताई लिहितात : 'आजारपणाआधी आई रोज चालत मारुतीच्या देवळात जायची. मशिनचे दहा सिटिंग झाले, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आता ती म्हणते, माझं सरलं. वयच झालंय तिचं, तर आणखी काही करायचं का?'

ताई, करायचं. आणि वयाला दोष देण्याआधी त्या दहा दिवसांचा हिशेब मांडायचा.

अमेरिकेत २००७ साली एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा धडधाकट वयस्कर माणसांना त्यांच्या संमतीनं दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवलं. खाणं-पिणं व्यवस्थित, आजार कुठलाच नाही. दहा दिवसांनी मोजलं तर दोन्ही पायांतला मिळून सरासरी जवळपास एक किलो स्नायू गेला होता. ही निरोगी माणसांची गत. तुमच्या आईंना त्यात न्यूमोनिया, ताप आणि तोंडाची गेलेली चव. त्यांच्या पायांतून किती गेलं असेल याचा अंदाज करा. डिस्चार्ज कार्डावर फुप्फुसाबद्दल चार ओळी असतील, पायांबद्दल एकही नसेल. आम्ही डॉक्टर ती लिहीत नाही.

ज्या ताकदीबद्दल आपण बोलतोय ती दंडाची बेटकुळी दाखवण्याची नाही. खुर्चीतून उठणं, एसटीची पहिली उंच पायरी चढणं, भरलेली बादली मोरीपर्यंत नेणं, ओट्यावरच्या फळीवरचा डबा काढताना तोल सांभाळणं, खाली बसलं तर कुणाला हाक न मारता उठणं, यांना लागणारी ही कामाची ताकद. ती मोजताही येते, तीही फुकट. साधारण सतरा इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी करून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या कोष्टकाप्रमाणे सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला दहापेक्षा कमी आणि पुरुषाला बारापेक्षा कमी वेळा जमलं तर पाय कमजोर समजतात. उठताना हातांचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य. पन्नाशीच्या वाचकांनीही हे आजच करून बघावं. पुष्कळांचा चेहरा बघण्यासारखा होईल.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. मी हाडांचा डॉक्टर. पंधरा-वीस वर्षं मी गुडघेदुखीच्या प्रत्येक पेशंटला एकच पाठ म्हणून दाखवत आलो : मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, जिना टाळा, गुडघे झिजलेत. दुखणं उसळलेलं असताना थोडे दिवस हे पथ्य ठीक असतं. पण एक आजी चार वर्षांनी परत आल्या तेव्हा माझे डोळे उघडले. त्यांनी पथ्य अक्षरशः पाळलं होतं. भजनाला जाणं सोडलं, कारण तिथं सतरंजीवर बसावं लागतं. माडीवरच्या लेकाकडे जाणं सोडलं. एक्स-रे चार वर्षांपूर्वीच्या एक्स-रेहून फारसा वेगळा नव्हता, मांड्या मात्र काटक्यांसारख्या झाल्या होत्या. बंदी मी घातली होती, मुदत सांगायला विसरलो होतो. आणि 'झिजलेत' हा शब्द तर मी आता वापरतच नाही. माणसाला वाटतं, आपला गुडघा म्हणजे चपलेचा तळ, वापरू तितका संपणार. सांधेदुखीत मांडीचा स्नायू बळकट झाला की दुखणं कमी होतं आणि चालणं सुधारतं, हे आता पुरतं सिद्ध झालेलं आहे.

आता मशिनबद्दल. शेक, मालिश, दुखणं कमी करणारी मशिनं यांना माझा विरोध नाही. दुखणं कमी झालं की हालचाल करायला धीर येतो. पण पलंगावर पडून शेक घेतल्यानं पायात ताकद येत नाही, जशी आचाऱ्याला स्वयंपाक करताना पाहून भूक भागत नाही. ताकद येते ती स्नायूला थोडं जड जाईल असं काम देऊन, आणि ते काम हळूहळू वाढवून. आपल्या तालमीतल्या वस्तादांना हे कधीपासून ठाऊक होतं. नव्या पोराला ते पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारायला लावत नाहीत, आणि वर्षभर पन्नासावर थांबूही देत नाहीत. दवाखान्यात हा विचार रुजवला तो थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरनं. दुसऱ्या महायुद्धात पाय मोडून आलेल्या सैनिकांना त्यानं वाढत्या वजनाचे व्यायाम दिले आणि १९४५ साली ती पद्धत प्रसिद्ध केली. तोवर अशा पायांना हलके व्यायाम पुष्कळ वेळा करायला लावत. डिलॉर्म स्वतः पोरवयात संधिवाताच्या तापानं काही महिने अंथरुणाला खिळला होता आणि नंतर वजनं उचलून सावरला होता. अंथरूण पायांचं काय करतं हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

'पण ते सैनिक होते, आई ७३ ची आहे', असं तुम्ही म्हणाल. मग हे ऐका. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. अभ्यास १९९० साली छापून आला. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीन पट झाली. दोघांची काठी सुटली. हात न टेकता खुर्चीतून उठता न येणारे तिघं होते, त्यांतला एक उठायला लागला. तिघंही उठले असते तर मला सांगायला अधिक आवडलं असतं, पण जे झालं ते हे. नव्वदीतही स्नायू शिकतो, एवढं त्यातून पक्कं झालं.

तर तुमच्या आईंसाठी बेत असा. आधी टेप घेऊन कमोडची उंची मोजा आणि भिंतीवर पेन्सिलीनं खूण करा. आपल्याला तिथवर उतरायचं आहे. लाकडी किंवा लोखंडी जड खुर्ची भिंतीला टेकवा. प्लॅस्टिकची नको, ती फरशीवर सरकते. तिच्यावर सतरंजीच्या घट्ट घड्या रचा. मऊ उशी नको, ती कलंडते. आईंना हात न टेकता, पण थोडं कण्हत, आठ वेळा उठता येईल इतकी उंची ठेवा. मग ती खाटेएवढी का होईना. पाय गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायचे, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईस्तोवर पुढे वाकायचं आणि श्वास सोडत उठायचं. श्वास कोंडून धरायचा नाही, त्यानं रक्तदाब उसळतो. बसताना धपकन बसायचं नाही, मनात तीन आकडे मोजत उतरायचं. उतरतानाही स्नायूला मेहनत पडते, आणि तीच सगळे चुकवतात. आठ वेळा झालं की दोन मिनिटं विसावा, असं तीनदा. एक दिवसाआड. शेवटच्या दोन वेळी तोंड वाकडं झालं नाही तर काम हलकं आहे असं समजा. सलग बारा वेळा सहज जमायला लागलं की एक घडी काढा. कुणीतरी शेजारी उभं राहा, पण हात आपल्या पाठीमागे बांधून.

जोडीला ओटा धरून टाचा उचलणं, घरातली एक पायरी चढउतार करणं, आणि पुढे दोन्ही हातांत किलोकिलो तांदळाच्या पिशव्या घेऊन ओसरीवर फेऱ्या मारणं. तोल जाऊ नये म्हणून ओट्याशी एका पायामागे दुसरा पाय ठेवून उभं राहण्याचा सराव आठवड्यातून तीनदा तरी हवा.

दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतील. ठणकू द्या. गुडघ्याचं दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत सोसवण्याजोगं असेल आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पूर्वीइतकंच होत असेल तर चालू ठेवा. सूज आली किंवा दुखणं चढतच गेलं तर एक घडी वाढवा. पण छातीत दुखणं, घेरी येणं, बसल्या जागी धाप लागणं, किंवा एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखणं, यांपैकी काहीही झालं तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फार दिवस पडून राहिलेल्या माणसाच्या पोटरीत रक्ताची गाठ होऊ शकते. हृदयविकार असेल तर सुरुवातीलाच विचारा. ज्यांचा खुबा बदलला आहे त्यांनी खाली बसण्याचा विषय शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच काढावा.

खाण्याबद्दल थोडक्यात. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर या वयात वजनाच्या किलोमागे साधारण एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. चहा-बिस्किटांवर आणि मऊ भातावर ती भरत नाहीत. उसळ, पिठलं, दही, दूध, चालत असेल तर अंडी, मासे. टॉनिकच्या महागड्या डब्याला मात्र जपून. फियाटारोन यांनीच १९९४ साली वृद्धाश्रमातल्या शंभर जणांवर पाहिलं की व्यायामाविना नुसतं पोषक पेय देऊन ताकद वाढली नाही.

आता 'माझं सरलं' याकडे येतो. कॅरोल ड्वेक यांच्या २००६ सालच्या 'माइंडसेट' या पुस्तकानंतर 'क्षमता वाढवता येते असं मानणारं मन' ही कल्पना जगभर गाजली. कल्पना चांगली आहे, पण तिची आता भिंतीवर लावायची पाटी झाली आहे. आईंना 'मन घट्ट कर, सकारात्मक राहा' असं कितीही सांगा, त्या मान डोलावतील आणि कूस बदलतील. त्यांचा अनुभवच सांगतोय की रोज कमोडवर अडकायला होतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली मांडलं की 'मला जमेल' या विश्वासाचा सगळ्यात भक्कम आधार म्हणजे स्वतः ते काम करून दाखवल्याचा अनुभव. माझ्या ओपीडीत मी हेच बघतो. हुरूप येऊन व्यायाम सुरू झालेला क्वचितच पाहिला, पण सहा घड्यांवरून कुणाच्या हाताशिवाय उठलेल्या आजींच्या तोंडावर हुरूप कितीदा तरी पाहिला आहे. म्हणून सुरुवातीची उंची इतकी जपून ठरवायची. पहिल्याच दिवशी थोडी मेहनत पडून जिंकता आलं पाहिजे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मांड्या जाड दिसणार नाहीत, तरी उठणं सोपं होईल. तेव्हा स्नायू तेवढाच असतो, मेंदू त्यातले जास्त धागे कामाला लावायला शिकलेला असतो.

घरच्यांसाठी दोन शब्द, थोडे कडू. काखेत हात घालून आईंना उठवणं आजपासून बंद. तुम्ही ते मायेनं करता, पण दिवसातून दहा वेळा त्यांच्या वाटणीचा व्यायाम तुमचे दंड करतात. दहा सेकंद थांबा. त्या धडपडतील, धडपडू द्या. कौतुक करताना 'तू मुळातच धीराची' असं म्हणू नका. मुळातला धीर उद्या आटला तर? 'आज पाय मागे घेतलेस म्हणून उठलीस' असं म्हणा, म्हणजे उद्या काय करायचं ते कळतं. एक वही घाला : तारीख, घड्या किती, उठणं किती. मधे सर्दी-ताप येईल, लग्नकार्य येईल, आठवडा बुडेल. तेव्हा दोन घड्या परत ठेवून पुढे चालू करायचं. त्याबद्दल घरात चर्चा नको.

फिजिओथेरपी सोडू नका, फिजिओकडून काम मात्र वेगळं मागा. १९५३ साली परळच्या के.ई.एम. रुग्णालयात या विद्येचं शिक्षण सुरू झालं, ते नुसती मशिनं लावायला नव्हे. चांगला फिजिओ आईंना आधी खुर्चीतून उठायला सांगेल, घड्याळ लावेल, घरी करायचं काम देईल आणि दर आठवड्याला ते बदलेल. तुमच्याकडे यातलं काहीच झालं नसेल तर पुढच्या सिटिंगला हे थेट विचारा.

ताई, खुर्चीचा प्रयोग याच रविवारी करा आणि तीस सेकंदांत आई किती वेळा उठल्या तो आकडा मला कळवा. शून्य असला तरी कळवा. आठ आठवड्यांनी दुसरा आकडा मागणार आहे.